चाळिशी-पन्नाशीतल्या माणसांना कॉम्प्युटर कसा शिकवावा: पहिल्यांदाच शिकवायला बसणाऱ्यांसाठी

माझी आई नागपूरच्या महाल भागातली. लग्नाआधी तिनं टायपिंगच्या परीक्षा दिल्या होत्या, मराठी आणि इंग्रजी दोन्ही. घरातला कॉम्प्युटर मात्र ती रोज फडक्यानं पुसायची आणि वरून विणलेलं कापड टाकून ठेवायची, त्याला हात कधी लावायची नाही. शिकवू का म्हटलं की उत्तर ठरलेलं: "नको बापा, बिघडलं-गिघडलं तर?"

एकदा बाबांच्या आग्रहावरून ती बर्डीतल्या एका क्लासला गेली. सगळी बॅच बारावी झालेल्या मुलांची. तीन दिवस गेली, चौथ्या दिवशी डोकं दुखतं म्हणाली आणि ते प्रकरण मिटलं. मग मी शिकवायला बसले आणि क्लासपेक्षा मोठी चूक केली. ती पडद्यावर बाण शोधत होती, मला घाई होती. मी तिच्या हातातून माऊस घेतला आणि "हे बघ, असं" म्हणत चार खिडक्या उघडून बंद केल्या. पुढचे दोन महिने तिनं मला विषय काढू दिला नाही.

नंतर ती शिकली. तिच्यामागून मानेवाड्याच्या आमच्या गल्लीतल्या काकू आल्या, एक मामा आले, इतवारीत किराण्याचं दुकान असलेले एक काका आले. या सगळ्यांबरोबर बसून मला एक गोष्ट पक्की कळली. या वयाच्या माणसाला कॉम्प्युटर फारसा जड जात नाही. आपल्याला तो येत नाही हे कुणी तरी पाहतंय, हे फार जड जातं. ज्यांनी घर चालवलं, दुकान चालवलं, पोरं शिकवली, त्यांना आपल्याच पोरासमोर अडखळावं लागतं. खालची प्रत्येक पायरी हे ध्यानात ठेवून लिहिली आहे.

पायरी १: "नाही" कशाला आहे ते ओळखा

लगेच समजावायला जाऊ नका. आठवडाभर नुसतं ऐका. "बिघडलं तर" म्हणणाऱ्याला नुकसानीची भीती असते. "मोबाईलवर होते ना सगळं" म्हणणाऱ्याला गरज पटलेली नसते. "आता या वयात काय" हे बहुतेक वेळा लाजेचं दुसरं नाव असतं. आणि "माझे डोळे दुखतात" हे पुष्कळदा शंभर टक्के खरं असतं, पण आपण ते बहाणा समजून सोडून देतो.

मोबाईलवाल्यांशी वाद घालू नका, कारण त्यांचं निम्मं बरोबर आहे. बिल भरणं, व्हिडिओ कॉल, फोटो पाठवणं हे मोबाईलवर छान होतं. कॉम्प्युटर लागतो तो मोठा फॉर्म भरताना, कागदपत्रं जोडताना, अर्ज किंवा पत्र लिहून छापताना, हिशेबाचा तक्ता मांडताना. यातलं एकही काम त्यांच्या आयुष्यात नसेल तर शिकवण्याचा हट्ट तूर्त सोडा. असेल, तर पुढे चला.

पायरी २: काम त्यांचं निवडा, एकच निवडा

"आज आपण कॉम्प्युटर शिकू" हे वाक्य बोलायचंच नाही. माऊस म्हणजे काय, सीपीयू म्हणजे काय, इनपुट-आउटपुट, असल्या धड्यांनी सुरुवात केली की माणूस परत शाळेच्या बाकावर जाऊन बसतो. त्याऐवजी जे काम ते आज दुसऱ्याला विनवून करून घेतात, ते घ्या.

आमच्या गल्लीतल्या काकूंसाठी ते काम भिशी होतं. बारा जणी, महिन्याला प्रत्येकी १००० रुपये, कुणाचा नंबर लागला, कुणाचे राहिले, हे सगळं एका जुन्या डायरीत होतं आणि त्यावरून दर दोन-तीन महिन्यांनी कुरबूर व्हायची. आम्ही एक्सेल उघडलं. पहिल्या रांगेत महिने, डाव्या बाजूला बारा नावं, खाली ऑटोसम. पहिल्या महिन्याची बेरीज १२००० आली तेव्हा काकूंनी बोटांवर पडताळा घेतला, मग कागदावर घेतला, आणि मग दुसऱ्या महिन्याचा रकाना स्वतः भरायला घेतला. "सेल" म्हणजे काय, हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही. त्या त्याला "घर" म्हणतात. शेजारच्या घरात जायला टॅबची कळ.

इतवारीतल्या काकांना हिशेब शिकवायची माझी काय बिशाद. उधारीचा आकडा त्यांच्या तोंडावर असतो. त्यांना हवी होती दुकानात लावायची भावाची यादी, ठळक अक्षरात छापलेली. डाळींचे भाव बदलले की ते प्रेसवाल्याकडे जायचे. आता ते तीच फाईल उघडतात, तुरीच्या डाळीपुढचा आकडा बदलतात आणि प्रिंट काढतात. त्यांना एवढंच येतं आणि ते रोज कामाला येतं.

ज्यांची काटोल-नरखेडकडे संत्र्याची बाग किंवा घरची थोडी शेती आहे, त्यांच्यासाठी सातबारा फार चांगलं काम आहे. महाभूलेखच्या संकेतस्थळावर विभाग, जिल्हा, तालुका, गाव, मग गट नंबर अशी निवड करत जायचं असतं. प्रत्येक शब्द ओळखीचा, मराठीतला, स्वतःच्या गावाचा. नुसता पाहायला पैसे लागत नाहीत आणि डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत निघतो. वडिलांचं नाव पडद्यावर दिसलं की पुढच्या बैठकीला माणूस आपणहून खुर्ची ओढतो. अडचण एकच येते, ती कॅप्चाची. वाकडी अक्षरं ओळखायची ती चौकट तरुणांनाही छळते. "चुकलं तर दुसरी मागायची, बाजूच्या गोल बाणावर दाबा," हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर दोनदा चुकलं की दोष ते स्वतःला देतात.

पायरी ३: खुर्ची, चष्मा, माऊस

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि म्हणून बरेच जण शिकणं सोडतात. चाळिशी लागते म्हणजे जवळचं दिसायला चष्मा लागतो. तो चष्मा पुस्तकाच्या अंतरासाठी असतो, साधारण ३५ ते ४० सेंटिमीटर. पडदा असतो हातभर लांब, ५० ते ७० सेंटिमीटरवर. ज्यांच्या चष्म्यात जवळचा नंबर खालच्या भागात असतो, ते पडदा वाचायला हनुवटी वर करतात आणि अर्ध्या तासात मान आखडते. मग "मले नाही जमत ते" ऐकू येतं. खरं तर मान दुखलेली असते.

उपाय साधे आहेत. पडदा खाली आणा, त्याची वरची कड डोळ्यांच्या थोडी खालीच राहू द्या. डोळ्यांच्या डॉक्टरकडे पुढच्या वेळी गेलात की "कॉम्प्युटरच्या अंतराचा नंबर काढून द्या" म्हणून सांगा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी या भागात अक्षरं आणि माऊसचा बाण दोन्ही मोठे करता येतात. संकेतस्थळावरची अक्षरं बारीक असतील तर कंट्रोल धरून अधिकचं चिन्ह दाबायचं. ही युक्ती पहिल्याच दिवशी शिकवा.

लॅपटॉपच्या टचपॅडवर शिकवू नका. ३००-४०० रुपयांत वायरचा साधा माऊस येतो, तो घ्या.

मुलांचा जुना लॅपटॉप आईवडिलांकडे येतो तेव्हा त्यावर काय आहे ते पाहा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अशा मशीनवर पत्ते खेळा, टायपिंग करा. बँकेचं काम मात्र त्यावर शिकवू नका.

वेळेचंही पाहावं लागतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. दुपारी कूलर सुरू असला की त्याच्या आवाजात शांतपणे बोलणं होत नाही, आपण ओरडून सांगतो आणि समोरच्याला आपण रागावलोय असं वाटतं. म्हणून उन्हाळ्यात सकाळी, डबे आटोपले की बसा. कूलरची ओली हवा थेट कॉम्प्युटरवर येणार नाही असं टेबल ठेवा. आठवड्यात तीन दिवस, ४० मिनिटं, त्याहून जास्त नको. आणि त्या वेळी खोलीत दुसरं कुणी नको. नातवंडं तर मुळीच नको, कारण ती प्रेमानं का होईना, "आजी, तिकडे नाही गं!" म्हणतातच.

पायरी ४: तुमचे हात मागे

माऊस आणि कीबोर्डला शिकवणाऱ्यानं हात लावायचा नाही. काहीही झालं तरी. बोटानं पडद्यावर दाखवा, तोंडानं सांगा, वाट पाहा. एका क्लिकसाठी अर्धा मिनिट लागेल, लागू द्या. तुम्ही हात लावलात की त्यांच्या मनात एकच अर्थ जातो: हे काम शेवटी यानंच करायचं आहे.

पहिल्या तीन बैठका माऊसच्या आणि तीही पत्त्यांवर. सॉलिटेअर हा पत्त्यांचा डाव १९९० साली विंडोज ३.० बरोबर आला, आणि पान उचलून दुसऱ्या ढिगावर नेऊन ठेवण्याइतका ओढून नेण्याचा चांगला सराव दुसरा नाही. आपल्याकडे पत्ते न खेळलेला माणूस सापडणं कठीण. माझ्या मामांनी दोन दिवस मला काहीच विचारलं नाही, तिसऱ्या दिवशी माऊस त्यांच्या हातात असा बसला होता की मला काही सांगावं लागलं नाही.

डबल क्लिकवर बहुतेकांची गाडी अडते. दोन दाबांच्या मधे हात किंचित सरकतो आणि फाईल उघडण्याऐवजी हलते. दहा वेळा चुकवत बसवू नका. एकदा क्लिक करून फाईल निवडा आणि एंटर दाबा, तेच काम होतं. शिवाय माऊसच्या सेटिंगमध्ये डबल क्लिकचा वेग कमी करता येतो, तो तुम्ही आदल्या दिवशीच कमी करून ठेवा.

पायरी ५: मुद्दाम बिघडवायला सांगा

आईची "बिघडलं तर" ही भीती समजावून गेली नाही. एक दिवस मी तिला तिच्या आवडत्या फोटोची दुसरी प्रत करून दिली आणि म्हटलं, ही उडवून टाक. तिनं माझ्याकडे पाहिलं, डिलीट दाबलं, फोटो गेला. चेहरा उतरला. "हे वापस कसं आणाचं?" मग आम्ही रिसायकल बिन उघडलं, फोटो तिथे पडलेला होता, रिस्टोअर केला. तिनं तो परत उडवला. परत आणला. असं चार वेळा केलं.

मग वर्डमध्ये एक परिच्छेद लिहून तो सगळा पुसायला सांगितला आणि कंट्रोलसोबत झेड दाबून परत आणायला सांगितलं. चुकलेलं मागे घेता येतं हे हातांना कळलं पाहिजे, नुसतं कानांना कळून उपयोग नाही. त्याच बैठकीत खरी मर्यादाही सांगा: पेन ड्राइव्हवरून उडवलेली फाईल रिसायकल बिनमध्ये जात नाही, आणि शिफ्ट धरून डिलीट केलं तरी जात नाही. सगळं परत येतं असं खोटं सांगून धीर दिला तर पहिल्या नुकसानीला तुमच्यावरचा विश्वासही जाईल.

पायरी ६: वही त्यांची, शब्द त्यांचे

शंभर पानी वही घ्या. एका पानावर एक काम. लिहायचं त्यांनी, तुम्ही नाही. काकूंच्या वहीत "ब्राऊझर उघडा" असं कुठेही नाही, "रंगीत गोळ्यावर दोनदा" असं आहे. ते चूक नाही. दुरुस्त करायला जाऊ नका.

एक सूचना मात्र द्या. संकेतस्थळांची रूपं बदलत राहतात, म्हणून "उजवीकडचं तिसरं बटण" असं लिहू नका, बटणावर काय लिहिलंय ते लिहा. महावितरणचं बिल पाहायचं असेल तर "१२ अंकी ग्राहक क्रमांक, जुन्या बिलावर वरच्या भागात" एवढं पुरतं. पहिले दोन महिने बिल फक्त पाहायचं, भरायचं नाही. पाहायला जमलं की भरणं ही दुसरी, वेगळी पायरी.

पडद्यावरची भाषा मराठी करावी की इंग्रजी ठेवावी, हे त्यांनाच विचारा. ज्यांनी ऑफिसात सेव्ह, प्रिंट, डिलीट ऐकलं आहे, त्यांना "जतन करा" परकं वाटतं. ज्यांना इंग्रजी अक्षरं सावकाश वाचावी लागतात, त्यांना मराठी केल्यावर हायसं वाटतं. माझं मत विचाराल तर, त्यांचं शेजाऱ्या-पाजाऱ्यांशी ज्या शब्दांत बोलणं होईल ते शब्द ठेवावेत.

पायरी ७: टायपिंग

आपल्याकडे पन्नाशीच्या पुढच्या कितीतरी बायका-पुरुषांनी तरुणपणी टायपिंगचा क्लास केलेला असतो आणि हे मुलांना माहीतही नसतं. विचारा. आईची बोटं पहिल्याच दिवशी न पाहता चालली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी तिच्याकडून काही शिकले: शिफ्ट या कळीचं नाव टाइपरायटरवरून आलं आहे, ती दाबली की यंत्राचा भाग खरोखर सरकायचा.

टाइपरायटरच्या काही सवयी मात्र सोडवाव्या लागतात. ओळ संपली की एंटर दाबायचा नाही, ओळ आपोआप खाली येते. आणि ज्या जुन्या यंत्रांवर एकची कळ नसायची त्यांवर शिकलेले लोक एकच्या जागी इंग्रजी एल टाइप करतात. कागदावर चालायचं, पासवर्डला चालत नाही. "पासवर्ड चुकीचा" असं पुन्हा पुन्हा येत असेल तर आधी हे तपासा.

मराठीसाठी रेमिंग्टन, म्हणजे टाइपरायटरवरची कळांची मांडणी, शिकलेल्यांना त्याच मांडणीवर राहू द्या, कॉम्प्युटरवर आता सगळीकडे चालणाऱ्या युनिकोड अक्षरांसाठीही ती वापरता येते. नव्यानं शिकणाऱ्यांना इनस्क्रिप्ट ही दुसरी मांडणी सोपी, स्वर डावीकडे आणि व्यंजनं उजवीकडे. ज्यांना तेही नको, त्यांना क्रोममध्ये गुगल डॉक्स उघडून बोलून लिहायला शिकवा. मराठी बऱ्यापैकी उमटतं. फक्त मायक्रोफोन सुरू आहे हे विसरून आपण "अरे दूध उतू चाललं" म्हणालो की तेही अर्जात येतं, एवढं ध्यानात ठेवायला सांगा.

पायरी ८: फसवणूक

हा भाग घाबरवून शिकवू नका, नाहीतर सगळं मुसळ केरात. आधीच भित्रा झालेला माणूस फसवणुकीच्या चार गोष्टी ऐकून कॉम्प्युटर परत कापडाखाली झाकतो. मी चार नियम वहीच्या पुठ्ठ्याच्या आत लिहायला लावते.

पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे आपल्याकडूनच जातात. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, बँकेचा माणूस म्हणवणाऱ्यालाही नाही. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधायचा नाही, तो पासबुकावर, कार्डामागे किंवा बिलावर पाहायचा. आणि "डिजिटल अरेस्ट" असं कायद्यात काही नाही, पोलीस व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक करत नाहीत.

"आज रात्री तुमची वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा" असा मेसेज कुणाच्या तरी खासगी मोबाईलवरून येतो. मे महिन्यात, कूलर सुरू असताना, घरात म्हातारी सासू असताना असा मेसेज वाचून कुणाचाही जीव खालीवर होईल. म्हणून आधीच सराव करा: मेसेज आला की फोन करायचा नाही, वहीतलं महावितरणचं पान उघडायचं आणि बिल बाकी आहे का ते स्वतः पाहायचं. आधी शिकलेलं काम इथे ढालीसारखं उपयोगी पडतं.

तरीही फसलंच कुणी, तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन. जितका लवकर, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. आणि त्यांना आजच सांगून ठेवा की असं काही झालं तर तुम्ही रागावणार नाही. लाजेपायी माणसं घरात दोन दिवस सांगत नाहीत, आणि तेच दोन दिवस महाग पडतात.

शिकणारे नागपुरात, तुम्ही पुण्यात

हे आता घरोघरी आहे. अशा वेळी मुलं एक सोपी वाट काढतात: आईच्या कॉम्प्युटरवर दुरून चालवायचं ॲप टाकायचं आणि सगळं स्वतः करून द्यायचं. कृपा करून हे करू नका. भामटे नेमकं तेच मागतात, "हे ॲप टाका, आम्ही करून देतो." तुम्ही पन्नास वेळा तसं केलंत तर एक्कावन्नाव्या वेळी समोर कोण आहे हे आई कशी ओळखणार?

त्याऐवजी फोनवर राहा आणि त्यांना पडद्यावर जे दिसतं ते मोठ्यानं वाचायला सांगा. वरून खाली, सगळं. "काही तरी इंग्रजी आलंय" यावर थांबू नका, एकेक अक्षर वाचू द्या. वेळ लागतो. पण निम्म्या वेळा वाचता वाचताच त्यांना कळतं काय दाबायचं ते, आणि "थांब, ठेव फोन, झालं" असं ऐकू येतं.

आठ-दहा बैठका झाल्या की पाणी प्यायच्या निमित्तानं खोलीतून उठा आणि पंधरा मिनिटं परत जाऊ नका. दारातून डोकावूही नका. मी पहिल्यांदा अशी उठले तेव्हा आईनं दोनदा हाक मारली. मी ऐकू आलं नसल्यासारखं केलं, पोह्यांना फोडणी घातली. तिसरी हाक आली ती वेगळी होती: भाच्याच्या लग्नाला मुंबईला जायचं होतं आणि तिला विचारायचं होतं की विदर्भ एक्सप्रेसला खालचा बर्थ मागायची चौकट कुठे असते.